आत सगळं बंद?

गाडी थांबली की काका उतरायचे आणि काकू उठायच्या. दोघांत उतरणं सोपं, उठणं अवघड. दिवसभर ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून काकूंचे गुडघे रुसून बसत आणि त्यांची मनधरणी केल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे. "चला बाई, आलं तुमचं सासर," असं त्या गुडघ्यांना म्हणायच्या, सीटच्या पाठीला धरून उभ्या राहायच्या, आणि मग त्या लांबोडक्या घरात, म्हणजे एका जुन्या मिनीबसच्या पोटात, मागच्या भिंतीवरच्या बटणांपर्यंत चालत जायच्या. अंतर म्हणाल तर जेमतेम स्वयंपाकघराएवढं. पण दमलेल्या माणसाला स्वयंपाकघरही मैदानच वाटतं.

तोवर बाहेर काकांनी गाडीच्या कुशीतली जाड काळी केबल सोडलेली असायची. गुंडाळी पूर्ण उलगडून, पीळ काढून, ते ती मुक्कामाच्या मैदानावर गाड्यांसाठी उभारलेल्या विजेच्या खांबापर्यंत न्यायचे. तिथून त्यांची हाक यायची.

"आत सगळं बंद?"

काकू हीटर बघायच्या, किटली बघायच्या, इस्त्री, पंखा, छोटा फ्रिज.

"सगळं बंद!"

"लावू?"

"लावा!"

मग प्लग, मग खांबावरचा खटका. दारावरच्या छोट्या मीटरवर आकडा उजळला की काकू "आली!" म्हणायच्या, आणि बाहेरून काकांचं ठरलेलं उत्तर यायचं, "ये म्हणावं, बस म्हणावं, चहा घेऊन जा म्हणावं." या विनोदावर काकू पहिल्या वर्षी हसल्या होत्या. नंतर हसू विरलं, विनोद तेवढा राहिला. गावोगाव नाटक नेणाऱ्या मंडळींचं होतं तसंच हे. गाव नवं, पडदा तोच, वाक्यं तीच, आणि टाळी आली नाही तरी पुढचं वाक्य म्हणायचंच.

काकूंचं सारं आयुष्य एका स्टुलावर गेलं होतं. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या कॉलरी शिवायच्या. शर्ट नाही, बाह्या नाहीत, फक्त कॉलरी. शिपायांच्या, पोस्टमनच्या, शाळेतल्या मुलांच्या. "निम्म्या शहराच्या गळ्याला माझा हात लागलाय, जरा जपून बोला," असं त्या मैत्रिणींना म्हणत. खिडकी होती, पण समोर गोदामाची भिंत. तीस-पस्तीस वर्षं त्या भिंतीवरचे पोपडे बघत त्यांनी सुई पळवली.

काकांचं उलटं. ते लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर. आज या टोकाला, परवा त्या टोकाला. घरी यायचे ते अंगाला डिझेलचा वास आणि तोंडात गोष्टी घेऊन. कुठल्याशा घाटात ढग रस्त्यावर येऊन बसतात, कुठल्या तळ्यात संध्याकाळी सारं आभाळ उतरतं. प्रत्येक गोष्टीचा शेवट ठरलेला, "तू बघायला हवं होतंस." काकू ताट वाढत म्हणायच्या, "मी बघायला आले असते तर हे ताट कोणी वाढलं असतं?" हे म्हणताना त्या हसायच्या, पण मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी त्या तळ्याचं चित्र चिकटवून ठेवायच्या.

म्हणून काका निवृत्त झाले आणि मोडीत निघालेली मिनीबस घेऊन, एका सुतार मित्राला हाताशी धरून, त्यांनी तिच्यात पलंग, कपाटं, ओटा बसवला, तेव्हा मुलानं डोक्याला हात लावला तरी काकू हो म्हणाल्या. ते तळं त्यांनी खरंच पाहिलं. आभाळ खरंच उतरलं होतं. काठावर उभं राहून त्या रडल्या, आणि काकांनी, जणू ते आभाळ आपणच वरून सोडलंय अशा थाटात, मिशीवरून हात फिरवला.

पण तळी किती बघणार माणूस? दर दोन दिवसांनी नवा नळ शोधायचा, न्हाणीघराची नवी नालायक कडी सांभाळायची, घाण पाणी कुठं ओतायचं ते नव्या माणसाला विचारायचं. शेजार जमतोय तोवर शेजारी निघालेले. आताशा काकूंच्या मनात एकच चित्र यायचं, आणि त्यात ना घाट होता ना आभाळ. साधी खोली. भिंतीत बटण. अंधारात उठलं तरी हात आपोआप जिथं जातो तिथंच असणारं, उद्याही तिथंच असणारं बटण.

आणि तशी खोली होती. मुलाच्या घरी, मागच्या बाजूची. मुलानं ती रंगवून ठेवली होती, सुनेनं शिवणयंत्र खिडकीपाशी लावलं होतं. "आई, कधी येताय?" हा फोनवरचा शेवटचा प्रश्न असायचा. काकू काकांकडे बघायच्या आणि काका छातीवर हात ठेवून म्हणायचे, "हात, पाय, डोळे, कान. यातलं एक जरी फितूर झालं, तर त्या दिवशी गाडीची किल्ली तुझ्या हातात. तुझ्याच हातात. मग तू म्हणशील तिथं." काका शब्दाचे पक्के होते. त्यामुळे काकूंना वाट बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, आणि आपल्याच नवऱ्याचा एखादा अवयव निकामी व्हायची वाट बघणं हे काही सुखाचं काम नव्हे.

आता त्या अडॅप्टरचं सांगायला हवं.

त्यांच्या गाडीचा प्लग मोठा, जाड पिनांचा. मोठ्या मुक्कामी खांबावर त्याच्या मापाचं सॉकेट असतं, प्रश्न येत नाही. लहान ठिकाणी मात्र घरात असतं तसलंच सॉकेट, आणि तिथं मधे अडॅप्टर लागतो. पहिल्याच वर्षी एका मुक्कामावरच्या म्हाताऱ्या वायरमननं तो त्यांच्या हातात दिला आणि वर ज्ञानही दिलं. म्हणाला, "यानं तोंड बदलतं, पोट नाही. सॉकेट लहान आहे, तेव्हा घास लहानच घ्यायचा."

काकांनी मान डोलावली, पण समजलं ते काकूंना. "म्हणजे लहान शर्टाला मोठी कॉलर लावली तरी छाती रुंद होत नाही," त्या म्हणाल्या. वायरमन खूश झाला. मग त्यानं बाकीचंही त्यांनाच सांगितलं. अशा ठिकाणी हीटर, किटली आणि इस्त्री यांतलं एका वेळी एकच. अडॅप्टरला अडॅप्टर जोडायचा नाही. जोड ओल्या जमिनीवर टाकायचा नाही. आतला भार, म्हणजे विजेवर चालणारं सगळं, बंद असल्याशिवाय प्लग लावायचा नाही आणि काढायचा तर मुळीच नाही. खांबाचा खटका मोडका असेल तर तो खांब आपला नाही. आणि प्लग लावल्यावर थोड्या वेळानं उलट्या हातानं, बोटांच्या मागच्या बाजूनं, प्लगचं अंग चाचपायचं. कोमट असेल तर भार कमी करा, गरम असेल तर सगळं बंद करून काढा. लहान मुलाचा ताप बघावा तसं काकू रोज ते बघायच्या. "आज अंग गार आहे हो पोराचं," असं काकांना सांगायच्या.

बंद काचकारखान्यामागच्या मैदानावर ते पोचले त्या संध्याकाळी दिवसभर झिमझिम लागून नुकती थांबली होती. सकाळचा मुक्काम गडबडीत सुटला होता. तिथं काकूंनी चहाला किटली लावली आणि बोटं शेकायला हीटर लावला, तोच त्या अख्ख्या मुक्कामाची वीज गेली. तिथला खांब चांगला भरभक्कम होता, दोन्ही चाललं असतं, पण वीजच नाही म्हटल्यावर काय. थोडी वाट बघितली आणि काका म्हणाले, चल निघू, वाटेत चहा घेऊ. वीज नव्हती, त्यामुळे हीटर गप्प होता, किटली गप्प होती. गप्प बसलेल्याकडे कोण बघतं?

दिवसभर ओल्या रस्त्यावरून आल्यावर काका उतरले. रखवालदार कुठं दिसेना. जवळच्या खांबाची पेटी उघडली तर आत घरगुती सॉकेट, आणि खटक्याचा दांडा मोडून काळ्या पट्टीनं चालू बाजूला चिकटवलेला. एरवी काकांनी तो खांब सोडून दिला असता. पण पुढचा खांब चिखलापलीकडे होता, अंगावरचे कपडे दमट होते, आणि दमलेला माणूस जे म्हणतो तेच ते म्हणाले. "चालतंय एक रात्र."

त्यांनी केबल नेली, टोकाला अडॅप्टर बसवला आणि हाक दिली.

"आत सगळं बंद?"

काकू अजून सीटपाशीच होत्या. उजवा गुडघा त्या दिवशी वाटाघाटीला बसतच नव्हता. एक हात ओट्यावर, एक पलंगाच्या कडेवर, अशा त्या निघाल्या होत्या आणि निम्म्या वाटेवर त्यांना हीटरची कळ दिसली. पूर्ण फिरवलेली.

"थांबा!" त्या म्हणाल्या.

"लावू?" बाहेरून आवाज आला.

"नको, थांबा! हीटर चालू आहे!"

आणि फट्‌ असा आवाज झाला. खिडकीबाहेर निळा उजेड चमकून गेला, आत हीटरची जाळी लाल झाली, किटलीचा दिवा लागला, आणि प्लास्टिक जळाल्याचा वास आला. काकू गुडघा विसरल्या. हीटर बंद, किटली बंद, मग दारातून खाली.

काका खांबासमोर आपला हात दुसऱ्या हातात धरून उभे होते. तर्जनीचं टोक काळवंडलं होतं. फार नाही, पण भाजलं होतं. काकूंनी त्यांना नळापाशी नेलं आणि बोट गार पाण्याच्या धारेखाली धरून ठेवलं.

"तू लावा म्हणालीस," काका म्हणाले.

खरं सांगायचं तर क्षणभर काकूंना वाटलंही, की आपण म्हणालो असू. इतक्या वर्षांची सवय, जिभेवरून निसटलं असेल. दमलेल्या माणसाचा स्वतःवरही भरवसा उरत नाही. पण नाही. घशात अजून ते "थांबा" खरवडत होतं.

तेवढ्यात रेनकोट घातलेला रखवालदार धावत आला. कपाळाला हात लावून म्हणाला, त्या खांबाला मी लाल फडकं बांधलं होतं, वाऱ्यानं नेलेलं दिसतंय, माझीच चूक. त्यानं मुख्य पेटीतून त्या खांबाची वीज तोडली आणि मगच अडॅप्टर ओढून काढला. एक पिन काजळली होती आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक वितळून ओघळलं होतं. गाडीचा मोठा प्लग त्यानं उजेडात फिरवून पाहिला, तो धड होता.

काकांनी अडॅप्टर त्याच्या हातून घेतला. पॉलिश पेपरनं घासला की झालं, असं त्यांचं म्हणणं पडलं. पाच वर्षांचा सोबती आहे. रखवालदार म्हणाला, एकदा भाजलेली पिन पुन्हा नीट पकडत नाही, आणि पकडत नाही म्हणून पुन्हा तापते, याला आता निरोप द्या, मी नवा देतो. काकांची नजर पिनेवरच होती. रखवालदार केबल गोळा करायला त्यांच्या मागे गेला आणि म्हणाला, "काका, पाय उचला जरा, केबलवर उभे आहात."

काका पिन बघत राहिले.

"काका, पाय."

काका जागचे हलले नाहीत. रखवालदारानं काकूंकडे पाहिलं. काकूंनी रखवालदाराकडे पाहिलं. मग त्यानं वाकून काकांच्या पोटरीला हलकंच बोट लावलं, तसे काका दचकून बाजूला झाले आणि म्हणाले, "अहो, बोलायचं की."

चिखलापलीकडच्या खांबाचा खटका शाबूत होता. तिथं नव्या अडॅप्टरनं वीज जोडून देताना रखवालदार काकूंना हळूच म्हणाला, "माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. शेवटपर्यंत म्हणत होते, तुम्ही सगळे पुटपुटता."

काकूंनी चहा केला. हीटर बंद ठेवूनच. काका पाठमोरे बसून बोटाला मलम लावत होते. काकू ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "साखर संपलीय."

पाठ हलली नाही.

"दार उघडं आहे, गाय आत आलीय."

तरीही नाही. काकूंनी शेवटचं अस्त्र काढलं. या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता.

"तुमची मिशी डावीकडे आखूड कापली गेलीय. वाकडी दिसतेय. गावभर तशीच मिरवताय."

काकांनी मलमाचं झाकण नीट लावलं आणि ट्यूब फळीवर ठेवली.

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. मग एकेक गोष्ट आपणहून पुढे येऊन उभी राहू लागली. गाडीतला रेडिओ कधीपासून बंद होता. हल्लीच्या गाण्यांत काही राम नाही, असं काका म्हणाले होते. बोलताना ते तोंडाकडे टक लावून बघत, ते काकूंना आवडलं होतं. म्हातारपणी प्रेम वाढलं, असं त्यांनी बहिणीला लाजत लाजत सांगितलंही होतं. आणि रोजचे ते सवाल-जवाब? एखादा मुरलेला नट असतो, ज्याला समोरच्याचं वाक्य आता ऐकूच येत नाही. पण वाक्य केवढं आहे ते त्याला ठाऊक असतं. तेवढा श्वास थांबून तो आपलं वाक्य बरोबर टाकतो, आणि प्रेक्षकांना कधी पत्ता लागत नाही. समोरची नटी अडखळेपर्यंत.

पुढचं सोपं होतं. इतकं सोपं, की काकूंना त्याची भीती वाटली. हात, पाय, डोळे, कान. फक्त बोलून दाखवायचं होतं. काका शब्द फिरवणार नाहीत. किल्ली मिळेल, खोली मिळेल, भिंतीतलं बटण मिळेल. ज्याची वाट बघितली ते समोर पाठ करून बसलं होतं, मान जरा वाकलेली, मानेवरची कॉलर उसवलेली. कॉलरीचं टाके घातलेलं टोक सुटलंय हे आपल्याला इतके दिवस कसं दिसलं नाही, असं त्यांना वाटलं.

फोन वाजला. मुलाचा. काका वळले नाहीत. काकूंनी फोन उचलला, तेव्हा कुठं पलंग हलल्यामुळे त्यांनी मागे पाहिलं, आणि फोन दिसताच त्यांचे डोळे काकूंच्या ओठांवर येऊन थांबले. आता काकूंना ते डोळे कळले. हे प्रेम नव्हतं. किंवा होतं, पण त्यात भीतीही होती.

मुलानं जेवण विचारलं, पाऊस विचारला. मग नेहमीचं विचारलं, "आई, कधी येताय?"

"येतोय," काकू म्हणाल्या.

पलीकडून मुलगा घाईनं म्हणाला, "काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. ओठ सावकाश, स्वच्छ हलवत त्या म्हणाल्या, "बाबा ठीक आहेत. मी दमले. माझा गुडघा आता चालत नाही. सगळं बघून झालं, आता मला घरी यायचंय. आणि गाडी न्यायला तू ये. प्लगपाशी बाबांच्या बोटाला जरासं भाजलंय, स्टिअरिंग धरता येणार नाही."

यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नव्हतं. मुलगा रविवारी निघून येतो म्हणाला. काकूंनी फोन ठेवला.

काका स्वतःच्याच बोटाकडे बघत म्हणाले, "कानाचं का नाही सांगितलंस?"

"कधीपासून?" काकूंनी विचारलं, आणि ते खाली बघत होते म्हणून त्यांच्या हनुवटीला हात लावून तोंड वर करून पुन्हा विचारलं.

"घाटात मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही, त्या दिवशी कळलं. आरशात बघितलं तर तो अगदी टेकलेला. तू झोपली होतीस. त्याआधीही असेल. तुला सांगितलं असतं तर किल्ली द्यावी लागली असती."

"आणि मी आतून सगळं बंद म्हणायचे, ते?"

"ते कुठं ऐकू यायचं? पण तुला आत किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. तेवढं थांबायचो आणि लावायचो." काका कसनुसे हसले. "आज तुला जास्त वेळ लागला."

"गुडघा," काकू म्हणाल्या.

"कधीपासून?"

आता खाली बघायची पाळी काकूंची होती. त्या जितके महिने सीटला धरून उठत होत्या, तितके महिने काका बाहेर केबल सोडत होते. काकांनी ते उठणं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी पाहू नये अशीच काकू वेळ साधायच्या. गुडघ्याचं कळलं तर हा माणूस आपल्यापायी गाडी विकेल आणि मग उरलेला जन्म खिडकीतून रस्ता बघत बसेल, हे त्यांना ठाऊक होतं. वाट काकांच्या अवयवांची बघायची, आणि आपला मात्र लपवायचा. कसला हिशेब होता हा, त्यांचं त्यांनाच उलगडेना.

"छान आहोत आपण दोघं," त्या म्हणाल्या. "एक चालत नाही, एक ऐकत नाही."

"ऐकत तर मी आधीही नव्हतो," काका म्हणाले. त्या दिवसातला तेवढाच विनोद, आणि काकू त्याला हसल्या, कारण तो नवा होता.

मग काकांनी खिशातून किल्ली काढली. बसची जुनी किल्ली, तिला चामड्याचा झिजलेला तुकडा. ती त्यांनी काकूंच्या हातात दिली नाही. शब्द मात्र हातातच द्यायचा असा होता, पण तेवढं काही जमलं नाही. शिवणाचा डबा उघडून त्यांनी ती दोऱ्याच्या रिळांमध्ये ठेवली आणि डबा बंद केला. काकूंनी थोड्या वेळानं तोच डबा उघडला, किल्ली न हलवता सुई आणि पांढरा दोरा काढला, आणि म्हणाल्या, "शर्ट काढा. कॉलर उसवलीय." काकांनी ओठांकडे बघून काढला.

दुसऱ्या दिवशी रखवालदारानं त्यांना गावातल्या कानाच्या डॉक्टरांकडे सोडलं. डॉक्टरांनी यंत्र लागेल म्हणून सांगितलं, ते मुलाच्या गावी बसवून घ्या म्हणाले. काका परत येताना एवढंच म्हणाले, की डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवून टिकटिक ऐकवली, आपल्याला मात्र आपलाच श्वास ऐकू येत होता.

रविवारी मुलगा आला. बापाच्या पाया पडला, आईचा गुडघा बघून तिलाच रागावला, आणि रखवालदाराशी मैदानाचा हिशोब मिटवायला गेला. काकूंनी तेवढ्यात ठरवलं, की शेवटचा प्लग आपणच काढायचा. इतकी वर्षं हे काम काकांचं होतं. पण बाहेरच्या माणसाला आतल्याचं ऐकू यायला हवं, एवढं आता स्पष्ट होतं. म्हणजे आत काका, बाहेर काकू. आणि आतल्यानं बाहेरचा प्रश्न ऐकायचा कसा? त्याचंही काकूंनी बघून ठेवलं होतं. पत्र्याची गाडी. बाहेरून थाप मारली की आत टेकलेल्या तळहाताला कळते. एक थाप, म्हणजे आत सगळं बंद? आतून दोन थापा, म्हणजे बंद. संशय असेल तर थाप द्यायचीच नाही.

काकांना हे समजावताना त्यांनी दोनदा तालीम घेतली. काका दोन्ही वेळा अचूक वागले. हुशार विद्यार्थ्यासारखे पत्र्याला तळहात लावून उभे राहिले.

काकू चिखलातून, रखवालदाराची काठी टेकत, खांबापाशी जाऊन आल्या. सवयीनं आधी उलट्या बोटांनी प्लगचं अंग बघितलं. गार होतं. मग गाडीपाशी येऊन त्यांनी थाप मारायला हात उचलला.

हात अजून हवेतच होता, आणि आतून दोन थापा आल्या. ठाम, आत्मविश्वासानं मारलेल्या.

काकूंना राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण त्याहून जास्त काहीतरी वेगळंच आलं. आपल्याला खांबापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो, तेही या माणसानं आतून मोजलं होतं.

त्यांनी एक थाप मारली. नीट, जोरात. आतून ओशाळ्या दोन थापा आल्या.

तरी काकू खिडकीपाशी गेल्या, टाचा उंचावल्या, गुडघ्याची क्षमा मागितली आणि आत डोकावल्या. हीटर बंद. किटली बंद. इस्त्री बंद, फ्रिज बंद. काका पत्र्याला हात लावून, तोंड दुसरीकडे करून, पुढच्या थापेची वाट बघत उभे होते. मिशी खरंच डावीकडे थोडी आखूड होती.

काकू परत खांबापाशी गेल्या. खटका बंद केला. मग दोन्ही हातांनी प्लग धरला आणि सरळ बाहेर ओढला.